जपानी संथा : मुली व बायकांसाठी

अन्याय झाला तो वेणू पुराणिक यांच्यावर. कधी, तर यंदाच्या गुरुपौर्णिमेला, सकाळी, मुली झेंडूच्या माळा घेऊन दूधविनायकातल्या आमच्या मंडळाच्या हॉलपाशी पोचल्या आणि दाराला नवं कुलूप दिसलं, तेव्हा. कुलपाच्या बाजूला एक बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून, शिक्षा झालेल्या पोरासारखा. त्या बोर्डावर वेणूआत्याच्या अक्षरात लिहिलं होतं : 'जपानी संथा. मुली व बायकांसाठी.'

अशी सुरुवात करायला मला तिनंच शिकवलं. मी गलीगलीत परचे, म्हणजे छापील पत्रकं, वाटते. गटारांवर, नळांवर, घाटावरच्या दादागिरीवर. छापायच्या आधी परचा वेणूआत्याला दाखवायची माझी सवय होती. एकदा मी लिहिलं होतं, 'व्यवस्थेच्या निर्दय चक्रात सामान्य माणूस भरडला जात आहे.' तिनं चष्मा वर केला आणि विचारलं, "हे चक्र राहतं कुठे? ब्रह्मा घाटावर का पंचगंगेकडे?" मग म्हणाली, "आधी कोणावर ते लिही, मग कधी ते लिही. रडायचं असेल तर शेवटी, जागा उरली तर."

जागा उरणार नाही. तेव्हा रडणं आधीच रद्द.

वेणूआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांत ती सगळ्यांची आत्या आणि हिंदी बोलणाऱ्यांची बुआ. वडील घनपाठी वैदिक. म्हणजे ज्यांना वेद सरळ तर पाठ असतातच, पण शब्द पुढेमागे विणूनही म्हणता येतात, त्यांच्यातले. बाहेरच्या खोलीत मुलगे संथा म्हणायचे, आत वेणू कणीक मळायची. ज्यांच्या घरात हा प्रकार नव्हता त्यांच्यासाठी सांगते : संथा म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचं, शिष्यांनी दोनदा म्हणायचं, आणि पाठ होईपर्यंत हे रोज चालायचं. मुलींना संथा मिळत नसे. वेणूलाही मिळाली नाही. भिंतीला मात्र कान बंद करता येत नाहीत.

पुष्कळांना वाटायचं की तिला वेद शिकायचे होते आणि ते दुःख तिनं जन्मभर उराशी बाळगलं. कुणी तसं हळवं होऊन बोललं की ती वैतागायची. "वेद त्यांचे त्यांच्यापाशी राहू देत. मला त्यांची पद्धत हवी होती. ती कानावर पडली. मी चोरायला गेले नव्हते."

पद्धत तिच्या अंगात इतकी मुरली होती की भाजीसुद्धा ती वैदिकांच्या क्रमानं सांगायची. त्यात पहिला शब्द दुसऱ्याशी जोडायचा, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी. सट्टीतला, म्हणजे भाजीबाजारातला, भाजीवाला तिला बघितलं की हात जोडायचा. "परवल आलं. आलं कोथिंबीर. कोथिंबीर मिरची. मिरची लिंबू." तो म्हणायचा, "बुआ, अदरक एक बार चाहिए कि दो बार?" ती म्हणायची, "चाहिए एक बार, याद रखना है दो बार." शाळेत ती भूगोल शिकवायची. तिथं नद्याही अशाच. गंगा यमुना, यमुना घाघरा, घाघरा गंडक, गंडक कोसी. माझी आई तिची विद्यार्थिनी. आजही आई कुकर लावताना 'गंडक कोसी' म्हणते आणि तिचं तिलाच कळत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर भाच्यानं तिच्या फोनमध्ये एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी असतं तसं, कार्डांचं. पुढच्या बाजूला शब्द, मागच्या बाजूला अर्थ. आठवला तर कार्ड काही दिवसांनी येतं, परत आठवला तर आणखी लांबचा मुक्काम करून येतं, विसरलात तर लगेच पुन्हा दारात उभं. भाच्याचा हेतू एवढाच की आत्याचं डोकं चालू राहावं. तिनं दोन दिवस ते चालवून बघितलं आणि हसत सुटली. "अरे, हे तर आमच्या बाहेरच्या खोलीतले गुरुजी. फक्त कान पिळत नाहीत."

कुठली भाषा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. दर हिवाळ्यात एक जपानी बाई ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसायची. फोटो नाही, पूजा नाही, काही नाही. नुसती नदीकडे बघत बसायची, आणि थंडी सरली की जायची. वेणूआत्याला तिला एकच गोष्ट विचारायची होती : का येतेस? म्हणून तिनं केलेलं पहिलं कार्ड 'नाझे' हे होतं. नाझे म्हणजे का.

हिवाळा आला, बाई आली, आत्यानं विचारलं. बाईनं खूप वेळ उत्तर दिलं. हात हलवून, नदी दाखवून, मध्ये एकदा डोळे पुसून. आत्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. घरी येऊन म्हणाली, "प्रश्न विचारता येतो आता. उत्तर कळायला बरीच कार्डं लागतील." आणि करत बसली.

पुढे मुली यायला लागल्या. सारनाथला जपानी यात्रेकरू येतात, त्यांना भाषा येणारा गाईड लागतो, आणि ते काम आजवर पुरुषांचं. पहिली आली पिंकी. तिचे वडील नाव चालवतात आणि तिला नावेत बसून नुसतं वल्ह्याकडे बघायचं नव्हतं. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग एक विणकराची सून, मग आमच्याच गलीतल्या दोन काकू, ज्यांना जपानशी काही देणंघेणं नव्हतं पण दुपारी घरातून बाहेर पडायला कारण हवं होतं. मंडळाचा हॉल दुपारी रिकामाच असायचा. आत्यानं बोर्ड लिहिला, टांगला आणि संथा सुरू केली.

तिचे नियम कडक. तयार कार्डं घ्यायची नाहीत. "दुसऱ्याचं उष्टं पाठ करायचं नाही. आपलं कार्ड आपण करायचं." नदीच्या कार्डावर प्रत्येकीनं आपल्या दारातून दिसते तशी गंगा लावायची. कार्ड उलटलं की खाली बटणं येतात : पुन्हा, कठीण, बरं, सोपं. त्यातलं 'सोपं' दाबायला बंदी होती. "ते बटण घमेंडखोरांसाठी केलंय. प्रामाणिक बटण एकच, पुन्हा." कोणी चोरून 'सोपं' दाबलं की ती नेमकी त्याच मुलीला तोच शब्द विचारायची. कसं कळायचं देव जाणे. पिंकी म्हणायची, "बुआ के कान में कैमरा है."

धन्यवाद आणि माफ करा हे शब्द ती फार उशिरा शिकवायची. मी विचारलं, सगळीकडे तेच आधी शिकवतात. ती म्हणाली, "बायकांना ते शिकवावं लागत नाही. कुठल्याही भाषेत आपोआप येतं." पहिलं कार्ड प्रत्येकीचं तेच, नाझे. पिंकीला ते जमेना. ती 'नाजे' म्हणायची. आत्यानं तिला मराठीत घेतलं. "म्हण, माझं."

"माजं."

"माजं नाही, माझं. दातामागून, जरा सैल. माझं घर. माझं नाव. माझी नाव."

"बुआ, नाव तो बाबूजी की है."

"म्हणून तर जमत नाही. आधी माझं म्हणता आलं पाहिजे, मग का विचारता येतं."

आठवडाभर पिंकी गलीतून 'माझं, माझं' करत फिरत होती. बैलालासुद्धा. मग एक दिवस 'नाझे' स्वच्छ आलं.

आता कार्डांवरच्या रेघांबद्दल. जपानीत आवाजाच्या चढउतारानं अर्थ बदलतो. 'हाशी' म्हणताना पहिलं अक्षर खाली आणि दुसरं वर घेतलं तर पूल, पहिलं वर आणि दुसरं खाली घेतलं तर जेवायच्या काड्या. बाकीचे लोक इथं रडतात. वेणूआत्याला आनंद झाला. वेदाच्या पोथीत खालच्या स्वराच्या अक्षराखाली आडवी रेघ असते, ती तिनं लहानपणापासून बघितली होती. तिनं तीच रेघ जपानीखाली मारली. फोनमध्ये रेघ काही केल्या टाइप होईना, तेव्हा शब्द देवनागरीत कागदावर लिहून, रेघ ओढून, फोटो काढून कार्डाला लावला. आणि रेघ आली म्हणजे मान आली. वैदिक मुलगे जशी स्वराबरोबर मान हलवतात तशी मुलींनी हलवायची. रेघ असली की मान खाली, नसली की ताठ.

याचा परिणाम असा झाला की सारनाथला पिंकीनं एका जपानी म्हातारीला पुलाकडचा रस्ता दाखवताना 'हाशी' म्हटलं आणि मान खाली घालून वर केली. म्हातारीला वाटलं, मुलगी वाकून नमस्कार करतेय. तीही वाकली. पिंकीला वाटलं, म्हातारी शब्द तपासून बघतेय, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. म्हातारी पुन्हा वाकली, जरा जास्त. पूल राहिला बाजूला, दोघी एकमेकींपुढे वाकतायत. शेवटी म्हातारीचा नातू आला आणि तिला हाताला धरून घेऊन गेला. ही हकीकत ऐकून आत्या इतकी हसली की तिला उचकी लागली. पण मान हलवणं बंद केलं नाही. "त्यांनी वाकायचं तर वाकू देत. आपला स्वर बरोबर होता ना?"

अशा वर्गात एका दुपारी मंडळाचे चिटणीस आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पंखा बघायला आले होते. पंखा बघता बघता त्यांनी पिंकीच्या फोनवरचं कार्ड बघितलं. तेही वैदिकाच्या घरातले, रेघ त्यांनी ओळखली.

"वेणू, ही अनुदात्ताची रेघ."

"हो अण्णा."

"जपानीला?"

"त्यांचाही आवाज खाली-वर होतो. रेघेला कोणी कुलूप लावलेलं नाही."

"लावायला हवं होतं," अण्णा म्हणाले. आम्हाला वाटलं, विनोद केला.

गुरुपौर्णिमेला सकाळी कुलूप होतं आणि कुलपाशेजारी अण्णा होते. माझ्यासमोर झालेलं बोलणं जसंच्या तसं देते, कारण पुढे मंडळानं 'गैरसमजातून घडलं' असं म्हटलंय. गैरसमज कुणाचाच नव्हता.

"वेणू, हट्ट करू नकोस. तुझ्या कामाबद्दल मला आदरच आहे. फक्त 'संथा' पूस आणि 'क्लास' लिही. त्या रेघाही काढ. किल्ली आत्ता हातात देतो."

"अण्णा, क्लास हा कुठल्या भाषेतला शब्द?"

"सगळ्यांना समजतो."

"संथाही समजला की. म्हणून तर कुलूप लावलंत."

अण्णांनी मुलींकडे बघितलं, पिंकीकडे, विणकराच्या सुनेकडे. मग आवाज खाली आणला. "संथा कोणी म्हणायची याला काही मर्यादा आहे, वेणू. तुला ती मी सांगायला नको."

"बोर्डावर लिहिलीय ना मर्यादा. मुली व बायकांसाठी. पुरुष घेत नाही मी."

मुलींना निम्मंच कळलं, पण त्या हसल्या, आणि हसणं अण्णांना फार लागलं. ते किल्ली घेऊन गेले.

सगळं इथेच संपलं असतं तर गोष्ट सोपी होती, आणि सोपं दाबायला बंदी आहे. पिंकीची जपानीची परीक्षा थंडीत होती. तिला डोक्यावर पंखा, बसायला सतरंजी, शांत जागा हवी होती. तिनं तिथेच, गलीत, सगळ्यांसमोर आत्याला सुनावलं. "बुआ, क्लास लिख दीजिए न. हमको शब्द से क्या, हमको कमरा चाहिए."

  आत्या म्हणाली, "बेटा, आज त्यांनी शब्द मागितला. दिला तर उद्या म्हणतील मान हलवू नका. परवा म्हणतील तोंड हलवू नका. खोलीत बसून तोंड बंद ठेवायचं, तर खोली तुझ्या घरीही आहे."

 पिंकीनं बोर्ड उचलला, उलटा होता तो सुलटा केला आणि म्हणाली, "घाट पर चलिए."

संथा ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर भरायला लागली. दिवस पावसाचे. नदी वर येत होती. पाणी एक पायरी चढलं की वर्ग एक पायरी चढायचा. शेवटी पायऱ्या संपल्या आणि वर्ग गलीतल्या एका चबुतऱ्यावर आला, वर ताडपत्री बांधून. जाणारे येणारे बघायचे. कोणी काय शिकवता म्हणून विचारायचं, "का पढ़ावत हई, बुआ?" आत्या बोर्डाकडे बोट करायची. काही मुली यायच्या बंद झाल्या. त्यांना मी दोष देत नाही. दोष कोणाचा ते मी वर कुलपाशेजारी लिहिलंय.

चबुतरा ओला असायचा. तिचा खोकला तिथे सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, वय आहे. मी डॉक्टर नाही. कुलपानं माणूस मरत नाही हे मलाही माहीत आहे. पण हॉल कोरडा होता, हेही मला माहीत आहे.

मी तिला वर्गात शेवटचं बघितलं ते दिवाळीनंतर, उन्हात. परच्यांचा गठ्ठा घेऊन जात होते. ती शाल गुंडाळून चबुतऱ्यावर बसली होती आणि संथा पिंकी देत होती. आत्याला आताशा शब्द आठवत नव्हते. पिंकी एकदा म्हणायची, आत्या दोनदा म्हणायची, मान हलवत, शिष्य बसतो तशी मांडी घालून. 'हाशी'ला ती चुकली. पूल म्हणायचं होतं, काड्या म्हणाली. पिंकीनं फोन पुढे धरला. आत्यानं बोट पुढे केलं आणि स्वतःच 'पुन्हा' दाबलं. मग माझ्या हातातला गठ्ठा बघून म्हणाली, "कोणावर, कधी लिहिलंस ना?" मी हो म्हटलं. "मग जा, वाट," म्हणाली.

मार्गशीर्षात ती गेली. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर मुली आल्या. पायऱ्यांवर कोणी एक म्हणाला, औरतें यहाँ नहीं आतीं. पिंकीनं त्याच्याकडे सरळ बघितलं, मान ताठ, आणि विचारलं, "नाझे?" त्याला शब्द कळला नाही. प्रश्न कळला. तो बाजूला झाला.

आता मंडळानं शोकसभा ठेवलीय. येत्या रविवारी, सकाळी, त्याच हॉलमध्ये. त्या दाराचं कुलूप उघडेल. पंखा चालू असेल. फोटोला हार असेल, अण्णा बोलतील. सूचनेचा कागद गलीत लागलाय, वाचून घ्या : 'जपानी भाषेचे क्लास घेणाऱ्या श्रीमती वेणू पुराणिक यांना श्रद्धांजली.' क्लास. ती जिवंत असताना जो शब्द तिच्याकडून लिहून घेता आला नाही, तो तिच्या नावाआधी चिकटवला, ती पुसायला येणार नाही याची खात्री झाल्यावर.

तुम्ही मंडळाचे सभासद असा, नाहीतर नुसते या गलीतून जाणारे असा, रविवारी या. बोर्ड पिंकी घेऊन येणार आहे. तो फोटोच्या शेजारी लागेपर्यंत आणि हॉलची दुपार मुलींना परत मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि भाषणं संपल्यावर अण्णा म्हणतील, दोन मिनिटं मौन पाळू या. पाळू नका. तिच्यासाठी मौन पाळणं म्हणजे दुसरं कुलूप लावणं. त्या दोन मिनिटांत अण्णांना एक प्रश्न विचारायचा आहे. शब्द एकच आहे आणि त्याचं पहिलं अक्षर मान ताठ ठेवून म्हणायचं असतं.

नाझे.

एकदा मी म्हटलं. आता दोनदा तुम्ही म्हणा.